रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह : कार्यक्रम कोणता आणि रांग कोणती

गेल्या चार महिन्यांत नागपूरच्या रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात माझे दोनदा जाणे झाले. एकदा मराठी गझलांच्या मैफलीला आणि एकदा मुंबईहून दौऱ्यावर आलेल्या दोन अंकी नाटकाला. दोन्ही वेळा सोबत बाबा होते. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या कानाला थोडे कमी ऐकू येते, गुडघ्यामुळे पायऱ्या हळूहळू चढतात, आणि तरुणपणी कार्यालयाच्या नाट्यसंघातून राज्य नाट्य स्पर्धेत पाच-सहा वर्षे कामे केलेली असल्यामुळे प्रेक्षागृहाविषयीची त्यांची मते पक्की आहेत. मला जिथे सगळे छान वाटते तिथे बाबांना काहीतरी खटकते, आणि बहुतेक वेळा त्यांचे खटकणे बरोबर निघते. त्यामुळे हा अभिप्राय खरे तर आम्हा दोघांचा आहे. पहिल्या संध्याकाळी आम्ही तृप्त होऊन परतलो, दुसऱ्या संध्याकाळी थोडे हिरमुसलो. सभागृह मात्र दोन्ही वेळा तेच होते. हा फरक कशामुळे पडला, हे तिकीट काढण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

महानगरपालिकेच्या या सभागृहाचे उद्घाटन २२ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. आसनसंख्या सुमारे दोन हजार. हा आकडा नुसता वाचून त्याचा अंदाज येत नाही, म्हणून तुलना देते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात, जे १९६८ साली सुरू झाले आणि जिथे आजही दौऱ्यावरच्या प्रत्येक नाटकाला प्रयोग लावावासा वाटतो, ९८९ खुर्च्या आहेत. म्हणजे नाटकासाठी मोठ्या मानल्या गेलेल्या एका रंगमंदिराच्या दुप्पट माणसे इथे एका छताखाली बसतात. नागपूरसारख्या शहराला हे हवेच होते. त्यापूर्वी मोठ्या कार्यक्रमांसाठी हिवाळ्यात मैदानावर मांडव घालणे हाच सोपा मार्ग होता. डिसेंबर-जानेवारीत शाल पांघरून मोकळ्यावर गाणे ऐकण्याचे सुख वेगळे, हे मान्य; परंतु मार्चनंतर काय? पारा पंचेचाळिशीकडे निघाला की या शहरात मांडवातली मैफल कोणी मनावर घेत नाही. राहता राहिली छोटी सभागृहे, आणि त्यांतले कूलर. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरच्या घरघरीतून तंबोऱ्याचा षड्ज शोधून काढण्याची सवय माझ्या पिढीच्या नागपूरकरांना आहे. बाबा सांगतात, उन्हाळ्यातल्या प्रयोगात शेजारचा कूलर बंद करायला एक माणूस नेमलेला असे आणि हळव्या प्रसंगाच्या आधी त्याला खूण करावी लागे. एकदा तो माणूसच त्या प्रसंगात रडायला लागला आणि कूलर चालू राहिला. भर एप्रिलमध्ये बंदिस्त, गार आणि शांत जागेत दोन हजार माणसांनी एकत्र बसून गाणे ऐकणे ही इथे आजही थोडी नवलाचीच गोष्ट आहे, आणि या सभागृहाचे पहिले श्रेय तेच.

नावाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीला झाला आणि १४ मार्च २००३ रोजी ते नागपुरात गेले. मराठीत गझल रुजवण्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेच, शिवाय नव्याने लिहिणाऱ्यांना वृत्त, काफिया (यमकाचा शब्द) आणि अलामत (यमकात कायम राहणारा स्वर) शिकवण्यात बराच काळ घालवला. अशा कवीचे नाव लावलेल्या वास्तूत गझल नीट ऐकू यावी, एवढी अपेक्षा मनाशी धरूनच मी पहिल्या कार्यक्रमाला गेले होते.

गझलेचे ऐकणे हे भावगीताच्या ऐकण्यापेक्षा कठोर असते. भावगीतातला एखादा शब्द निसटला तरी चाल आपल्याला सांभाळून नेते. गझलेतल्या दोन ओळींच्या शेराचे तसे नाही. गायक पहिली ओळ मांडतो, ती दोन-तीनदा घोळवतो, श्रोत्याला थोडे ताटकळत ठेवतो, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडे काफिया पडतो तेव्हा गाठ सुटते. सगळी दाद त्या एका शब्दावर उभी असते. तो शब्द नेमका कानावर पडला नाही, तर आजूबाजूचे लोक ‘वा’ म्हणत असताना आपण शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ विचारत बसतो, आणि तो सांगेपर्यंत पुढचा शेर सुरू झालेला असतो. त्या संध्याकाळी आम्ही मधल्या भागात, मार्गिकेला लागून बसलो होतो. सभागृह जवळजवळ भरलेले होते. तिसऱ्या गझलेच्या मतल्याला, म्हणजे पहिल्या शेराला, गायिकेने काफियाचा शब्द जाणून हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखा उच्चारला. त्यातला शेवटचा ‘त’ जिभेवरून सुटल्याचा तो कोरडा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ पोहोचला, आणि ज्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते त्या बाबांनी माझ्या आधी मान डोलावली. माझ्यासाठी सभागृहाची परीक्षा तिथे झाली. पुढचे दीड तास त्यांनी मला एकदाही काही विचारले नाही.

आता दुसरी संध्याकाळ. नाटकाला गर्दी निम्मीसुद्धा नव्हती. मधल्या वारी ठेवलेला प्रयोग, त्यात परीक्षांचे दिवस. आम्हाला तिकीट मागच्या भागातले मिळाले होते, आणि मागे बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच बाबा पुढे झुकले. शब्द ऐकू येत होते, पण त्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. दोन पात्रे एकमेकांचे वाक्य तोडत बोलू लागली की दोघांचेही काही कळेना. बाबांचे म्हणणे असे की दोष नटांचा; आमच्या वेळी शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाठण्यासाठी आवाज कमावावा लागे, आता माईक आहे म्हणून कोणी पोटातून बोलत नाही. त्यात तथ्य आहे, पण सगळे तथ्य त्यात नाही.

बंद जागेत उच्चारलेला आवाज भिंतींवर, छतावर आपटत काही काळ रेंगाळतो. बोलणे स्पष्ट कळायचे असेल तर हे रेंगाळणे सेकंदाच्या आसपास थांबायला हवे. वाद्यसंगीताला त्याहून लांब रेंगाळणे शोभते, कारण त्याने सुरांना गोलाई येते. रेंगाळणे लांबले की आधीच्या अक्षराचा स्वर पुढच्या अक्षराच्या व्यंजनावर सांडतो आणि ‘क’, ‘त’, ‘स’ यांसारखी नाजूक व्यंजने आधी बुडतात. हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाने, १८९५ च्या सुमारास. एका व्याख्यानगृहात काही केल्या व्याख्यान कळत नव्हते, तेव्हा या गृहस्थाने शेजारच्या नाट्यगृहातून खुर्च्यांवरच्या गाद्या आणवल्या, रात्री शहर शांत झाल्यावर त्या खोलीत कमी-जास्त मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात : जागा जितकी मोठी तितके रेंगाळणे जास्त, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितके ते कमी. शोषणाऱ्या गोष्टींत गाद्या आल्या, पडदे आले, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कपडे घातलेली माणसे आली. गझलेच्या दिवशी आमच्याभोवती हजारावर माणसे स्वतः नकळत ध्वनियोजनेचे काम करत होती. नाटकाच्या दिवशी त्यांतली बहुतेक घरी होती. गादीच्या खुर्च्या ही कसर काही अंशी भरून काढतात, पूर्ण नाही. एवढ्या मोठ्या आकाराच्या कुठल्याही सभागृहाचा हा स्वभावच असतो, आणि तो ओळखून ध्वनिव्यवस्था लावणे हे त्या दिवशी साऊंड सांभाळणाऱ्याचे काम. आमच्या प्रयोगाच्या साऊंडवाल्याने मात्र आवाज कळत नाही असे दिसताच सरळ सगळे माईक वाढवले, त्यामुळे शब्द स्पष्ट होण्याऐवजी गोंगाट वाढला आणि नायिकेच्या पदराला घासणारा तिचा माईक खरखरत राहिला.

ऐकण्याइतकाच प्रश्न दिसण्याचा आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका एक पत्र घडी करून उशीखाली ठेवते. मागून मला इतकेच दिसले की ती वाकली आणि उठली. मध्यंतरानंतर पुढच्या रिकाम्या रांगांत बसायला हरकत नाही असे तिथल्या माणसाने सांगितल्यावर आम्ही आठव्या रांगेत जाऊन बसलो. दुसऱ्या अंकात तेच पत्र ती परत काढते. तिथून दिसले की घडी उलगडताना ती कागद फाटेल या भीतीने अंगठा घडीच्या रेषेवरून सावकाश फिरवते, आणि वाचण्याआधीच पत्र पुन्हा मिटते. संवाद एकही नव्हता. मागच्या रांगेत बसून मी हे नाटक पाहिले असते, तर लेखकाने तिथे काही लिहिलेच नाही असे समजून घरी गेले असते. चेहऱ्यावरचे बारीक भाव वीस-पंचवीस मीटरपलीकडे डोळ्यांना टिपता येत नाहीत, असे रंगमंदिरे बांधणारे मानतात. दोन हजार खुर्च्यांच्या जागेत बऱ्याच खुर्च्या त्यापलीकडे जाणार, हे उघड आहे. माडीवर तिघांचा संसार उभा करणाऱ्या, कुजबुजीत घडणाऱ्या नाटकाने हा रंगमंच निवडावा का, हा विचार निर्मात्याने करायचा. प्रेक्षकाने करायचा विचार एवढाच की नाटक असेल तर दहाव्या रांगेच्या मागे जाऊ नये, आणि त्यासाठी शे-दीडशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्यावेत. गाणे, नृत्य किंवा मोठ्या ताफ्याचा कार्यक्रम असेल तर उलट मधला भाग घ्यावा. फार पुढे बसून नृत्यातल्या रांगांची रचना कळत नाही, नुसते पाय दिसतात.

रंगमंचाबद्दल मात्र बाबा खूश होते. नेपथ्याला ऐसपैस जागा आहे, आणि नाटकातला दोन खोल्यांचा संच त्यावर मावून वर अंगण उरले होते. ‘इथे आमचा संच ठेवला असता तर शोधावा लागला असता’, हे त्यांचे वाक्य. विदर्भातल्या माणसाला मोठा रंगमंच पाहून पूर्व विदर्भातली झाडीपट्टी आठवल्याशिवाय राहत नाही. तिकडे दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की वडसा आणि आसपासच्या गावांत रात्रभर नाटके चालतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने माणसे लोटतात, नट स्वतः गातात आणि समोरची गर्दी शहरातल्या कुठल्याही सभागृहाला लाजवील अशी असते. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मोठ्याने बोलायचे, हावभाव ठळक करायचे आणि शेवटच्या माणसापर्यंत गाणे पोहोचवायचे ही जी तिथली रीत, ती या सभागृहाच्या आकाराला मुंबईच्या दिवाणखान्यातल्या नाटकापेक्षा अधिक जुळेल असे मला वाटते. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रेमानंद गज्वी यांच्या अध्यक्षतेखाली ९९ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन याच रेशीमबागेत भरले होते. तेव्हापासून या जागेची नाटकाशी सोयरीक जुळलेली आहे. झाडीपट्टीची नाटके इथे वरचेवर लावावीत, तिकिटे बेताची ठेवावीत, आणि काय होते ते पाहावे.

ज्या गोष्टींनी आमचा खरा रसभंग केला त्यांचा सभागृहाशी संबंध नाही, तरी त्या सांगते, कारण तिकिटाचे पैसे देणाऱ्याला त्या सोसाव्या लागतात. गझलेच्या कार्यक्रमाची वेळ साडेसहाची होती. सव्वासातला दीपप्रज्वलन झाले. त्यानंतर आयोजक संस्थेने अकरा जणांचे शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन स्वागत केले, स्वागत झालेल्यांपैकी चौघे बोलले, आणि त्यांतल्या एकाने ‘मी फार वेळ घेणार नाही’ असे म्हणून सतरा मिनिटे घेतली. बाबांनी घड्याळ लावले होते. पहिला सूर लागला तेव्हा आठ वाजायला आले होते. शिवाय पुढच्या रांगा प्रवेशिकावाल्यांसाठी राखून ठेवलेल्या, त्यांतल्या निम्म्या शेवटपर्यंत रिकाम्या, आणि पैसे मोजलेले लोक त्यांच्या मागे. नागपूरकरांना हे नवीन नाही, पण सवय झाली म्हणून ते बरोबर ठरत नाही. नाटकाच्या वेळी तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाने आणखी एक घोळ घातला : नकाशावर आमच्या खुर्च्या मधल्या भागात दाखवल्या होत्या, दारावर पोहोचल्यावर त्या मागच्या निघाल्या. ग्राहक सेवेला पाठवलेल्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर आले, त्यात क्षमा होती, पैसे नव्हते. तेव्हापासून मी जमेल तेव्हा प्रयोगाच्या दोन-तीन दिवस आधी तिकीट खिडकीवर जाऊन, समोरच्या माणसाच्या तक्त्यावर बोट ठेवूनच खुर्ची घेते.

पोहोचण्याविषयी थोडक्यात. मेट्रो रेशीमबागेपर्यंत येत नाही; सीताबर्डीला उतरून पुढे ऑटो करावा लागतो. मेडिकल चौकाच्या बाजूने आलात तर वाट सोपी आहे, मात्र संध्याकाळी वेळ हाताशी ठेवा आणि लग्नसराईत तर अर्धा तास जास्तच धरा. आमचा ऑटोवाला आधीच म्हणाला होता, ‘भट सभागृह नं? बसा. पण मैदानाच्या कोपऱ्यावर सोडतो बावा, आतमंदी गाडी फसते.’ फसली नसती, पण कोपऱ्यापासून चालताना बाबांना दोनदा थांबावे लागले, तेव्हा ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर दारापर्यंत नेण्याचे भाडे आधीच ठरवून घ्यावे. परतीचे त्याहून अवघड. हजार-दीड हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडतात आणि सगळ्यांच्या हातात एकाच वेळी मोबाईल असतो, त्यामुळे बोलावलेली गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आम्ही दुसऱ्या वेळी शहाणपण करून टाळ्या थांबेपर्यंत आणि गर्दी ओसरेपर्यंत आत बसून राहिलो. तेवढ्यात रंगमंचावर कामगारांनी संच मोडायला घेतला आणि बाबांना नाटकाइतकेच ते पाहण्यात रस वाटला.

खाण्यासाठी मध्यंतरावर अवलंबून राहू नका. दोन हजार माणसांचा लोंढा पंधरा मिनिटांत चहापर्यंत पोहोचून परत येणे कुठेच शक्य नसते. आम्ही घरून डब्यात सांबारवडी नेली होती आणि ती बाहेर, आत जाण्याआधी उभ्या उभ्या खाल्ली. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

नागपुरात सादरीकरणाच्या जागा आणखीही आहेत, आणि कोणत्या कार्यक्रमाला कुठे जावे याचा विचार त्यांच्यासकट करायला हवा. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह याहून लहान आहे. बोलक्या नाटकाला आणि बैठकीच्या शास्त्रीय गाण्याला माझे मत तिकडे पडेल. मुळात अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे असलेल्या वसंतरावांचे नाव नाट्यसंगीताशी इतके जोडलेले आहे की तिथे नाटक पाहताना उगाच बरे वाटते, हा भाग वेगळा. त्याच भागात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. केंद्र सरकारच्या सात विभागीय केंद्रांपैकी हे एक, आणि महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश अशा राज्यांतल्या लोककला त्याच्या कक्षेत येतात. तिथल्या हिवाळी मेळ्यात मोकळ्या आवारात उभे राहून पाहिलेले आदिवासी नृत्य मला बंद सभागृहातल्या त्याच नृत्यापेक्षा जास्त जिवंत वाटले. पायाखालची माती उडते, ढोल छातीत वाजतो आणि सत्काराची भाषणेही उभ्याने ऐकावी लागत असल्यामुळे आपोआप आखूड होतात.

भट सभागृहाला मी गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमासाठी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण परतीच्या ऑटोसाठी कापला आहे. तो सभागृहावर अन्याय आहे हे मला कळते. नाटकासाठी गुण रांगेवर अवलंबून राहतील : आठव्या रांगेतून चार, शेवटच्या भागातून अडीच. बाबांना गुण विचारले तर ते म्हणाले, आधी पुढच्या महिन्यातल्या नाटकाचे तिकीट काढ. मी खिडकीवर गेले, तक्त्यावर सातवी रांग दाखवली, आणि त्यांच्या सांगण्यावरून मार्गिकेच्या उजव्या हाताची खुर्ची घेतली, म्हणजे त्यांचा डावा कान रंगमंचाकडे राहील.